निम्मे पैसे

कन्नडच्या पुढे, घाटाच्या अलीकडे गाडी लावली.
जालन्याहून आलेले आम्ही सात जण, एकाच बियाणे कंपनीतले,
पाठीवर कणीस छापलेले सात रेनकोट.

वाटाड्या कौतिक माळी. हातात धावड्याची काठी,
पायात टायरच्या चपला.
त्यानं आधी माणसं मोजली, मग बूट पाहिले,
आणि काळेसाहेबांना म्हणाला, "तुम्ही पडणार."
(पडले. दोनदा.)

सागाच्या पानांवर थेंब
सुपात हरभरे पडावेत तसे वाजतात,
असं मला शाहीन सांगत होती.
माझं कानातलं यंत्र भिजू नये म्हणून
पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बॅगेच्या तळाशी.
मी तिच्या ओठांवरून जंगल वाचत होते:
ही कळलावी, हात लावायचा नाही.
ही साळिंदराची उकर.
काठी टेकेल तिथंच पाय.

मग ढग खाली आला.
आधी डोंगर गेला, मग सालया, मग काळेसाहेब,
शेवटी शाहीनचे ओठ.

कड्यावर समोर नुसतं पांढरं.
कुणीतरी त्या पांढऱ्याचाच फोटो काढला.
बोरकुटेनं विचारलं असावं, धबधबा कुठंय,
कारण कौतिकनं काठी पांढऱ्यात आडवी धरली
आणि सगळ्यांच्या माना एका बाजूला कलल्या.
ऐकत होते.
मी तिथं बिनतिकिटाची.

त्यानं माझा रिकामा कान पाहिला.
उकिडवा बसला, खडक थोपटला.
मी तळहात टेकवला. गार, बुळबुळीत.
काही नाही.
त्यानं मान हलवली, खालची भेग दाखवली.
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि खडक
चालू होता.

अंबड नाक्यावरच्या गिरणीची भिंत अशी होती.
ज्वारी दळून होईस्तोवर
मी तिला पाठ लावून उभी राहायचे,
दात हलायचे आतल्या आत.

ढग काही फाटला नाही.
खाली गाडीपाशी यंत्र कानात घातलं
तेव्हा घासाघीस चालली होती.
"दिसलं तर काहीच नाही."
"मग निम्मे द्या," कौतिक म्हणाला,
"डोळ्याचे राहू द्या. कानाचे द्या."
सहा जणांनी निम्मे दिले.

मी विचारलं, माझा भाव कोणता?
तो हसला, खिशात सुटे शोधू लागला,
आणि मी पूर्ण नोट देऊन दार ओढून घेतलं.
नखांत शेवाळ होतं.
बदनापूर गेलं तरी
मी हात धुतले नव्हते.