मामलेदारीण

पहाटे साडेचारला दौरा निघतो.
बांग होण्याआधी मागचं दार उघडं पाहिजे,
नाहीतर माझ्या नाकावर पंजा.
नखं आत असतात,
पण ताकीद कळते.

ऋजुतानं तिचं नाव ठेवलं लूमी,
इथल्या बाजारातल्या वाळक्या, काळ्या लिंबावरून.
हेरंब म्हणतो मामलेदारीणबाई,
आणि सोहारच्या या भाड्याच्या घरात
तेच चालतं.
शेपूट ताठ, पोट जरा सुटलेलं,
चाल अशी की वाटावं,
मागून शिपाई फायली घेऊन येतोय.

पहिलं प्रकरण साळुंक्यांचं.
एसीच्या पेटीमागे त्यांचं बिऱ्हाड,
भाडं नाही, पावती नाही.
त्यांचं भांडण मला नीट कळतं.
चिपळूणला न्हाणीमागच्या शेवग्यावर
याच शिव्या ऐकत मोठी झाले.
कधीतरी जहाजातून आल्या म्हणे इकडे,
कुणाला न विचारता,
आता खजुराच्या झाडावर हक्क सांगतात.
लूमी दात वाजवते, कट कट कट.
त्या एक पाऊल मागे सरतात,
दोन पुढे येतात.
पुढची तारीख पडते.

पालींचं काम झटपट.
शेपूट जप्त, आरोपी फरार.
वळवळत्या मुद्देमालावर पंजा ठेवून
बाई पंचनाम्याला मला हाका मारतात,
मी पीठ मळत असले तरी.

हुदहुद मात्र आला
की थेट गेटजवळच्या हिरवळीत चोच खुपसतो,
पाणीखात्याचा माणूस गळती शोधतो तसा.
खल्फानची आई भिंतीवरून सांगते,
त्याला हात लावू नका,
सुलेमान नबींचा निरोप्या तो.
लूमीला अरबी माझ्याहून बरी येते.
ती लगेच पाय चाटायला घेते,
जणू काही पाहिलंच नाही.

जूनमध्ये सगळा कारभार कोलमडतो.
दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही.
एसीचं पाणी जिथे ठिबकतं
तिथे मी एक जुनी परात ठेवलीय.
होले येतात, बुलबुल येतो, साळुंक्या येतात,
चोची उघड्या, पंख सैल,
एकमेकांना न बोचता पितात.
काचेच्या आतून लूमी हुकूम सोडत राहते.
काच जाड आहे.

आणि मग तो.
हेरंबची रात्रपाळी होती, मी जागीच होते.
गेटखालच्या फटीतून एक काटेरी चेंडू
लगबगीनं आत आला.
मला साळिंदराचं पिल्लू वाटलं.
दुसऱ्या दिवशी खल्फानची आई खूप हसली:
कुन्फुद! कुन्फुद!

लूमीनं त्याला एकदाच मारलं.
पंजा वर धरून बसली मग,
स्वतःचाच पंजा,
त्याच्याकडे बघत, बराच वेळ.
तेवढ्यात चेंडू उलगडला,
ओलं नाक बाहेर आलं,
आणि तिच्या वाडग्यातला मासा
मचमच आवाज करत
त्यानं संपवला. घाई केली नाही.

आता तो रोज येतो.
ती दोन वितींवर बसते, शेपूट पायांभोवती घेऊन,
मंजुरी आपणच दिली अशा चेहऱ्यानं.
दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत.
दूर कारखान्याचे दिवे, समुद्राचा खारट वारा,
आणि तेवढी मचमच.
मला त्या वेळी उठून आत जाववत नाही.

तो फटीतून गेला
की ती वाडगं हुंगते,
पंज्यानं त्याच्यावर नसलेली माती लोटते,
आणि माझ्याकडे वळून ओरडते.
भर.