निरंक

हडर्सफील्डला लोकरीच्या गिरणीचं आता ऑफिस झालंय.
तिसऱ्या मजल्यावर, माग होते तिथे,
आम्ही चौघं पांढऱ्या फळ्यापुढे.
मी चौकोन काढते: हा मुख्य सर्व्हर,
हा डेटाबेस, आणि हा लांब, वेगळा,
फक्त रिपोर्टांचा.
"वेगळा कशाला? पैसे पडतात," बूथरॉइड बाई म्हणतात.
मी सांगते, राबणाऱ्याच्या मांडीवर बसून
हिशेब विचारू नये, दोघांचंही खोळंबतं.
इंग्रजीत ते इतकं बरं आलं नाही,
पण पैसे मंजूर झाले.

मग जेवणापर्यंत बारीकसारीक.
रिपोर्ट रात्री दोनला की चारला,
कुणाला काय दिसावं:
शाळावाल्यांना शाळा, ग्रंथालयांना ग्रंथालयं,
मोठ्या साहेबांना सगळं, पण एका पानात.
आणि किती दिवस लक्षात ठेवायचं?
नव्वद, असं ठरलं.
विसरण्याचीसुद्धा सेटिंग असते.
ती लावली नाही तर डिस्क भरते.

क्लाइव्ह जुने रिपोर्ट वाचून दाखवतो, काढून टाकायला.
दोनशे सात निघाले.
एक अजून दर सोमवारी जातो डेरेक सटक्लिफला,
जो निवृत्त होऊन पोर्तुगालला राहतो.
"हा राहू दे," क्लाइव्ह म्हणतो.
कारण सांगत नाही.

दुपारी नमुन्याचा पहिला तक्ता पडद्यावर:
सुरक्षित यंत्रं अठ्ठ्याण्णव टक्के.
हिरवंगार. बूथरॉइड बाई खूश.
मला मात्र बेरीज लागत नाही.
विकत घेतली अकरा हजार चारशे,
उत्तर दिलं दहा हजार नऊशेंनी.
पाचशे यंत्रं ना हिरव्यात, ना तांबड्यात.
टक्केवारी काढलीय ती नुसती बोलणाऱ्यांची.

माझे वडील बार्शीच्या जकात नाक्यावर कारकून.
ज्या रात्री एक गाडी फिरकली नाही
त्या रात्रीही रकान्यात लिहायचे: निरंक.
खाली वेळ, सही.
काहीच नाही तर लिहायचं कशाला, मी विचारलं होतं.
ते म्हणाले, कोरं सोडलं
तर गाडी आली नाही, की कारकून आला नाही,
कळणार कसं?

मी तिसरा रंग मागते. राखाडी.
तो लावला आणि अठ्ठ्याण्णवाचे
धड चौऱ्याण्णवसुद्धा भरेनात.
बूथरॉइड बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघतात,
कालव्यावर एक बदक आहे, तेवढंच.
"समितीला हे आवडणार नाही," म्हणतात,
आणि मग, "राहू दे."

राखाडी यादीत सर्वांत वर
मार्सडनच्या ग्रंथालयातलं एक यंत्र,
शेवटचं बोललं त्याला त्र्याऐंशी दिवस.
अजून आठवडाभराने
यादीतूनही गेलं असतं, आमच्याच नियमाने.
क्लाइव्ह फोन लावतो, स्पीकरवर.
खूप वेळ वाजतो.
मग एक म्हातारा, धापा टाकत:
कोपऱ्यातलं ना? चालू आहे की.
रंगवाले आले तेव्हा मागची वायर निघाली.
रोज त्यावरच लिहितो आम्ही पुस्तकांची नोंद.
कुणी विचारलंच नाही.

क्लाइव्ह पत्ता लिहून घेतो.
मी फळ्यावरचे नव्वद पुसून
चारशे लिहिते.
डिस्कचं बघू.