तीनशे दोन फूट

मागच्या खोलीत पलंग होता तिथे आता विमान आहे.
म्हणजे विमानाचं तोंड फक्त.
शेपूट हॉलमध्ये यायला लागलं
तर मी माहेरी जाईन, हे सांगून ठेवलंय.

प्लायचे तुकडे कोपरखैरण्याच्या सुताराने कापून दिले.
त्याला वाटलं, देव्हारा.
एवढी भोकं कशाला, म्हणाला, घंट्या टांगायच्यात?
ह्यांनी नुसती मान हलवली.

खुर्च्या ओम्नीच्या, तुर्भ्याच्या भंगारातल्या.
फ्लॅपचा दांडा म्हणजे कुकरचं हँडल.
घड्याळं चार, कंपनीतले प्रेशर गेज:
तीस वर्षं ह्यांच्याच काट्यांकडे बघत व्हॉल्व्ह फिरवले,
निवृत्तीला तेच मागून आणले
आणि चेहऱ्यांवर नवे कागद डकवले. वेग. उंची.
ट्रिमचं चाक माझ्या शिलाई मशीनचं.
मशीन तसंही बंद आहे, म्हणाले.
मशीन बंद नव्हतं. गिऱ्हाईक बंद होतं.
पण दिलं. स्क्रू काढताना तेलाचा वास आला
आणि जुन्या घराच्या ओटीचा.

पुतण्या येतो, तन्वेश, चपला न काढता आत घुसतो.
काका, नकाशा जुना झाला. अपडेट मारा.
आपला एअरपोर्ट आलाय त्यात, रनवे, दिवे, सगळं.
हे दातांत वायर धरून सोलत राहतात,
म्हणतात, नेट स्लो आहे.
नेट स्लो नाही. बिल मी भरते.

परवा रात्री मला उजव्या खुर्चीत बसवलं.
पट्टा लाव, म्हणाले. पट्ट्याला बकलच नाही,
मी तो कमरेला खोचला.
टेबलफॅन सुरू केला, वाऱ्यासाठी.
पडद्यावर खाडी, मग खाजण,
मिठागरांचे चौकोन, आणि मग डोंगर.
आमचा.
आहे तसा. म्हणजे होता तसा.
जवळ गेल्यावर पुसट,
कुणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा,
आणि पायथ्याला करडे ठिपके, ती घरं.
मी शोधत होते. विहिरीच्या वर, चिंचेच्या अलीकडे.
हळू घ्या की.
हळू घेतलं तर पडेल.

सुरुंगाचा भोंगा वाजायचा तेव्हा
मी फडताळापाशी उभी राहायचे दोन्ही हात पसरून,
काचेच्या बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून.
तेवढंच हातात होतं.
डोंगर गेला, डंपर डंपर करत.
बरण्या सगळ्या शाबूत आहेत.

टेरेन, यंत्रातला बाप्या एकदम ओरडला. टेरेन. पुल अप.
काय म्हणतो?
पुढे डोंगर आहे म्हणतो.
माथा तीनशे दोन फूट, हे ह्यांना पाठ.
कंपनीतला काटा थरथरत खाली येत होता,
चारशे, साडेतीनशे,
आणि ह्यांनी दांडा ओढला नाही.
बघत राहिले. तोंड जरा उघडं.
पुल अप, बाप्या म्हणाला, पुल अप,
इतक्या पोटतिडकीने
त्या डोंगरासाठी कुणी ओरडलं नव्हतं.

माझा हात चाकावर होता.
अडकलेली सुई वर घ्यायला फिरवतात तसं
मी ते आपल्याकडे फिरवलं, सवयीनं, दोन वेढे.
तोंड वर आलं. ठिपके खाली गेले.

खिडकीबाहेर तेव्हाच एक खरं विमान
दिवे लावून उतरत होतं,
डोंगराच्या पोटातून, सरळ.
त्यातला बाप्या गप्प असणार.

अजून एकदा? ह्यांनी विचारलं.
मी फॅन जरा माझ्याकडे वळवून घेतला.