ओ

रात्री अकरा ते सकाळी सात.
माझं काम बसण्याचं.
खुर्ची उघड्या दाराशी,
दर पंधरा मिनिटांनी कागदावर एक शब्द:
जागी. जागी. डोळे मिटलेत, झोप नाही. जागी.

इमर्जन्सीतली सहा नंबरची खोली.
भिंतींवरचं सगळं काढून घेतलंय, घड्याळसुद्धा.
मारेन लाह्टी, वय पंधरा, आज पाचवी रात्र.
पोरांच्या मनाच्या वॉर्डात खाट नाही,
डुलुथमध्ये नाही, मिनियापोलिसमध्ये नाही,
फार्गोला विचारलंय, फार्गो म्हणतं, सोमवारी बघू.
मोडलेल्या हाडाला इथे तासाभरात प्लास्टर मिळतं.

डाव्या हाताला पट्टी.
मी तिकडे बघत नाही.
मी बघत नाही, हे ती बघते.
मास्कच्या वर तिचे डोळे, मास्कच्या वर माझे;
एकमेकांचं तोंड आम्ही अजून पाहिलेलं नाही.

पहिल्या रात्री बोलली नाही.
दुसऱ्या रात्री म्हणाली, तुमचे बूट करकरतात.
तिसऱ्या रात्री रमी. लबाडी करते, चांगली करते.
काल तीनच्या सुमाराला, छताकडे बघत:
"वर्षभर मी वर्गात एक काळा चौकोन होते.
चौकोनात माझं नाव.
सर हजेरी घ्यायचे. एकदा मुद्दाम ओ दिली नाही.
ते पुढच्या नावावर गेले.
मग कधीच दिली नाही."

आमचं ट्रेनिंग दोन तासांचं.
त्यात सांगतात, सल्ला देऊ नका.
मी पुडिंगचं झाकण उघडून दिलं.

आई खाली, गाडीत.
भेटायची मुभा एकालाच, तीही आठपर्यंत,
पण ती घरी जात नाही,
हीटरसाठी इंजिन चालू करते, बंद करते.
"तिला सांगा, घरी जा," पोरगी म्हणते
आणि मी सांगायला उठत नाही ना, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासते.

याआधी बावीस वर्षं मी पुलावर होतो.
जहाज आत येताना भोंगा देतं,
तीन लांब, दोन आखूड.
पुलाने तसंच परत द्यायचं.
पूल उचलण्याशी याचा काही संबंध नाही,
तो आधीच उचललेला असतो.
ती नुसती ओ.
एकदा धुक्यात, कॉफी सांडली म्हणून, माझी चुकली.
त्या कप्तानाने नोव्हेंबरपर्यंत अबोला धरला.
हे मी तिला सांगितलं. हा काही सल्ला नव्हे.
"वेडा होता का तो?"
"नाही. तीन दिवस पाण्यावर होता."

आज मार्चची बावीस. पहाटेचे पाच चाळीस.
सरोवरावरचा बर्फ फुटलाय, लिफ्टमध्ये कोणी म्हणत होतं.
टेकडीखालून, काचेपलीकडून, या वर्षीचं पहिलं जहाज:
तीन लांब.
दोन आखूड.
ती उठून बसली.

काही नाही.

माझ्या पोटात गोळा. पुलावर पोरगा नवा आहे,
डुलकी लागली असेल, कॉफी सांडली असेल.
ती माझ्याकडे बघते, मी कागदाकडे.

मग पूल.

पट्टीच्या हाताची बोटं मोजत होती.
"उशीर केला."
"केला."

फार्गोचा फोन अजून नाही.
खाली एक इंजिन पुन्हा सुरू झालं.
"मारेन लाह्टी," मी म्हणालो, हजेरी घेतल्यासारखं.
"काय आहे?" चिडून.
"काही नाही," म्हटलं,
आणि सहाच्या रकान्यात काय लिहावं
ते मला बराच वेळ सुचेना.