चौथा कप्पा

रिमोट मी पेंढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवते.
पस्तीस. तिघांचे सेल गेलेले, ते बाजूला.
उचला, म्हणते, हाताला येईल तो.
कुणाकडे कुठला गेला हे मला कळत नाही,
आणि तेच बरं.

रावपुऱ्यातली शाळा, नववी ब.
नवा फळा पंख्याबरोबर गुणगुणतो,
खडू नाही, भुकटी नाही,
तरी तास संपला की मी हात झटकतेच.

प्रश्न सहावा. मगरीचं हृदय किती कप्प्यांचं?
दोन, तीन, चार.
वीस सेकंद, बत्तीस अंगठे,
मग फळ्यावर निळे खांब उगवतात :
दोनवर सहा,
तीनवर पंचवीस,
चारवर एक.
खांब कसला, उभी ठेवलेली काडी.

मागच्या वर्षापर्यंत मी विचारायचे, कोण सांगतं?
आणि तेच पाच हात वर यायचे.
बाकीचे वहीच्या समासात जाऊन बसायचे.
आज त्या समासातून कुणीतरी काडी रोवलीय
आणि मान खाली घातलीय.
मी शोधत नाही.
शोधते, खरं तर. सगळ्यांच्याच माना खाली आहेत.

उत्तर झाकून ठेवते.
शेजाऱ्याला पटवा, म्हणते. दोन मिनिटं.

पुढचं जे होतं त्याला शिस्त म्हणत नाहीत.
बाकं कुरकुरत वळतात. हेतवी उभीच राहते :
पाल तीन, साप तीन, कासव तीन,
मग ही कोण लागून गेली?
कुणी म्हणतं, पुरात आमच्या सोसायटीत आली होती,
पार्किंगमध्ये, स्कूटरखाली.
म्हणून काय तुला हृदय दिसलं?
आणि मागून एक मामा निघतो,
विश्वामित्रीकाठी मगरी पकडणारा,
तोंडाला चिकटपट्टी लावून रिक्षातून नेणारा.
त्याला जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणे,
आत चार खोल्या आहेत, गाईसारख्या.
चार तोंडांतून माझ्यापर्यंत आला हा मामा.
कुणाचा, ते वाटेत सांडलं.

पुन्हा वीस सेकंद.
चारवर एकोणीस.
मी बटण दाबते
आणि फळा 'तीन'ला हिरवा टिळा लावतो.
एकोणीस मुलं लाल.

बेन, मग मामा खोटा?

काल रात्री साडेअकराला भरलं होतं मी हे,
एक डोळा इस्त्रीवर ठेवून.
'सरपटणारे : तीन' या ओळीवर बोट होतं.
बोटाखाली, बारीक अक्षरात, आत्ता दिसतंय :
अपवाद मगर.

बावीस वर्षं माझ्या चुका मी पदरानं पुसल्या,
कुणी वहीत उतरवायच्या आत.
ही पाच फूट रुंद आहे आणि चमकते.

मामा खरा, म्हणते. बेन चुकली.
उत्तर बदलायला जाते तर पासवर्ड मागतो.
बत्तीस जण बघतायत, दोनदा चुकते.
तिसऱ्यांदा पहिला बाक हळूच सांगतो.
त्याला तो कधीचा पाठ आहे.

'चार' बोटानं लिहिते. जरा वाकडाच येतो.
टाळ्या वगैरे नाहीत.
फक्त केयूर, जो तासाला नेहमी खिडकीत असतो,
विचारतो, पण ती तासभर पाण्याखाली राहते,
श्वास नसताना चारही चालतात का?

मला माहीत नाही.
या उत्तराचं बटण कुठल्याच रिमोटवर नाही.
तोंडानंच सांगावं लागलं.

घंटा. डबा भरला, कपाटात गेला.
कपाटाला कुलूप आहे, किल्ली हरवून वर्ष झालं.

आज सकाळी डबा काढला. सहज दाबून पाहिले,
सेल गेलेले तीनही चालू.

रावपुऱ्यात, नाहीतर नदीच्या अंगाला कुठेतरी,
कुणाची आजी आत्ता टीव्हीसमोर बसून
रिमोट तळहातावर आपटत असणार.