पाव लाट

मे महिना. कूलरच्या टाकीत पाणी नाही,
रहांगडाले सर सुटीवर, किल्ली माझ्याकडे.
खिडकीबाहेर बजाजनगरचा रस्ता रात्रीही भट्टीसारखा.
बोर्डावरचा हिरवा दिवा तेवढा गार.

चिपला मी एवढंच सांगितलंय:
दर ठोक्याला बेरीज कर,
आणि जे मिळवतेस त्यातही दर ठोक्याला
चिमूटभर वाढव.
रकाना भरून सांडला तर सांडू दे.
ती चूक नाही, तो एक वेढा.

अख्खी लाट ठेवायला जागा नव्हती.
पाव ठेवली,
बाकीच्या तीन आरशातून काढल्या:
एक उलटी वाचून, एक पालथी घालून, एक दोन्ही करून.
तिथेच फसले.
तिसऱ्या पावात चिन्ह तसंच राहिलं,
पडद्यावर प्रत्येक लाटेचा दात पडलेला.
"काय करून राहिली बे?" उईके म्हणाला,
आणि माझ्या डब्यातली शेवटची पोळी घेऊन गेला.

साडेअकराला दात बसला.
सूर जाडाभरडा निघाला
आणि सुईच्या नाकातून पार झाला,
मिलिसेकंदात.
हजारपट सावकाश करून स्पीकरला लावला, तेव्हा कुठे कानांना कळला.

बाबा सावनेरकडे जमिनीखाली होते, सत्तावीस वर्षं.
पाळीच्या आधी सळईने छत ठोकायचे.
ठण् आलं तर चला.
भद् आलं तर मागे सरा, बोलायचं नाही.
नागो बिसेन गेला त्या दिवशी
ठण्‌च आलं होतं.

ठोका क्षणाचा, दगडाला उत्तराची सवड कमी.
म्हणून मी प्रश्न लांबवते,
तळापासून टिपेपर्यंत,
आणि परतून आला की त्याच्याच घडीवर घडी घालते;
मग तो पुन्हा क्षणाएवढा होतो, पण धारदार.
दाराला अडण म्हणून ठेवलेला खाणीतला दगड
टेबलावर घेतला, चकती चिकटवली.
चार बोटं आत एक भेग दिसली.
बाहेरून तो गुळगुळीत आहे.

बाबांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही.
आवाज फोनवर पाठवला.
त्यांनी तीनदा लावला असावा. मग फोन केला:
"चांगलं हाय. पण मंधात दम खाते थे."

पाहिलं.
दोन फेऱ्यांच्या सांध्यात
बेरीज शून्यावर न आणता मी अर्ध्यात सोडली होती.
लाट तुटत होती,
पडद्यावर केसाएवढी.

उईकेला उठवू का?
नको. आधी पाणी भरते कूलरमध्ये.