दुसरी प्रत

मिठातून काढलेलं कातडं
मी दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरतो.
एवढंच माझं काम.
पोटाची बाजू माझ्याकडे,
पाठ सेपिक नदीकडे.

चावल्याची एक खूण असली, तर दुसरी प्रत.
दोन असल्या, तर तिसरी.
काखेपाशी भोक असलं, तर ते
अंबुन्टीच्या बाजारात पट्टे शिवणाऱ्या पोरांना.
शेपटीत प्लास्टिकचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा.
त्या आकड्यावरून म्हणे
पॅरिसमधली एखादी बाई
आपल्या पर्सचं जन्मगाव शोधू शकते.
अजून आलेली नाही कुणी.

अंडी वुनाग्वी आणते.
तरंगत्या गवतावर ती अशी पाय टाकते
जसं झोपलेल्या पोराच्या अंथरुणावरून जावं.
पाला सारते, आणि अंडं हलवायच्या आधी
त्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं एक रेघ.
वरची बाजू वरच राहिली पाहिजे,
नाहीतर आतला जीव
स्वतःच्याच पाण्यात बुडतो.
होडीत पाच तास
ती त्या रेघांवरून नजर हटवत नाही.

पूर्वी डुकरं हुसकायला
आम्हीच हे गवत पेटवायचो.
आता कुणी काडी ओढली
तर वुनाग्वी वल्हं घेऊन मागे लागते.
यात पुण्य किती, पैसा किती,
मला विचारू नका.
शाळेची फी आम्ही अंड्यांत मोजतो:
एक सहामाही म्हणजे एक घरटं,
आणि वह्यांसाठी वरून पाच-सहा.

मागच्या महिन्यात कंपनीची बाई आली.
हातात यादी.
कुंडीत गर्दी किती, पाणी किती ऊन,
मरण किती सेकंदांत.
चांगली होती, घरात येताना बूट बाहेर काढले.
शेवटी विचारलं, कापताना त्रास होतो का?
मी म्हटलं, माणसाला होतो त्याहून कमी.
ती हसली.
मी शर्ट घातलेला होता.

सतरा वर्षांचा असताना
पुरुषांच्या घरात होडी पालथी घातली,
होडीवर मामा, मामाच्या मिठीत मी.
खांद्यापासून कमरेपर्यंत पातं चाललं
आणि मामा कानात म्हणत राहिले,
हे तुझ्या आईचं रक्त आहे, जाऊ दे, जाऊ दे.
मग तेल, चिखल, धूर.
महिन्यानं पाठीवर खवले उठले.
पुकपुकनं गिळलं, म्हणाले सगळे,
आणि माणूस करून परत दिलं.

चारशे तरी खुणा असतील.
मी माझ्याच टेबलावर आलो असतो
तर बिल्लासुद्धा वाया घालवला नसता.

कोलियाम सुट्टीला आला, लाएच्या कॉलेजातून.
चालणं माझं, शिंक माझी, रागही माझाच.
लोक म्हणतात, बापाची दुसरी प्रत.
त्याच्या मामानं होडी पालथी घालून ठेवलेली.
तो म्हणाला, नको, बाबा.
भांडला नाही. कारण दिलं नाही.
मीही मागितलं नाही.
मला माझ्या वेळी विचारलं होतं का, ते आठवत बसलो.

रात्री उकाड्यात शर्ट काढून
दिव्याकडे पाठ करून तो सागोची भाकरी खात होता
आणि माझे हात आपोआप वर आले,
दोन्ही, खांद्याच्या रुंदीएवढे.
ओरखडा नाही. डाग नाही.
पहिली प्रत,
ओठावर आलेलं
मी भाकरीबरोबर गिळलं.

होडी अजून तिथंच आहे.
सकाळी मामा उचलायला आला
तर खाली कोंबडी बसलेली, सात अंड्यांवर.
वुनाग्वीनं भावाला थांबवलं,
म्हणाली, पिल्लं निघेपर्यंत कुणी हात लावू नका.
वाकून पाहिलं मी.
सातही अंड्यांच्या माथ्यावर
पेन्सिलीची रेघ.